पायाखालचा सूर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभागृहात झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दरवर्षी कोणी पाहुण्या बाई येतात आणि आरोग्यावर, मुलांच्या संगोपनावर नाही तर काटकसरीवर चार शब्द सांगून जातात. यंदा कार्यकारिणीने घरातल्याच माणसाला उभे केले आणि विषयही माझ्यावरच सोडला. जिने उभा जन्म शाळेतल्या मुलींना सा-रे-ग-म शिकवण्यात घालवला, तिला विषय निवडू द्यायचा म्हणजे काय होणार, हे तुम्ही ओळखले असेलच. पण मी गाण्याविषयी बोलणार नाही. बोटांविषयीही फारसे बोलणार नाही. मी बोलणार आहे पायांविषयी. वाद्य वाजवणाऱ्याच्या पायांविषयी.

याला निमित्त आहे ती या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली वस्तू. नव्या सभासदांना ते जुने टेबल वाटते. त्यावर फुलदाणी ठेवतात, हळदीकुंकवाला वाणाच्या पिशव्या ठेवतात. ती आपली पायपेटी आहे. गावातला एक जुना वाडा उतरवला, तेव्हा त्या घरच्या मंडळींनी ती मंडळाला दिली. गेल्या पावसाळ्यापासून तिचा भाता वारा धरीत नाही. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेपुढे ठराव येणार आहे की, ही पेटी जुन्या वस्तू घेणाऱ्याला विकावी आणि त्या पैशात भर घालून विजेवर चालणारा कीबोर्ड घ्यावा. ठराव मांडणाऱ्या भगिनी माझ्या मैत्रिणीच आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे. परंतु मत देण्यापूर्वी आपण काय विकतो आहोत, एवढे तरी सर्वांना कळावे, म्हणून हा खटाटोप.

आपल्या शिवणवर्गात पायाची यंत्रे आहेत. नवी मुलगी आली की पहिले दोन दिवस तिला कापड देत नाहीत, नुसते पायडल मारायला लावतात. का बरे? पाय एकसारखा चालला नाही तर टीप एकसारखी येत नाही. टाके कुठे दाट, कुठे विरळ, आणि वळणावर दोरा तुटतो. पण शिवून झालेला पोलका अंगात घातला की लोक हाताचे कौतुक करतात. ‘काय सुबक हात आहे हो!’ पायाचे नाव कोणी घेत नाही. वाद्याचेही अगदी असेच आहे.

पायपेटीत पितळेच्या बारीक जिभा असतात. कारागीर त्यांनाच ‘सूर’ म्हणतात. त्यांच्यावरून वारा गेला की त्या थरथरतात आणि नाद होतो. वारा पुरवायचा तो पायांनी. दोन पायडले, एक दाबावे तो दुसरे वर यावे. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबें यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, ते याच पायाने चालणाऱ्या वाद्याचे. त्यात वारा सुरांतून बाहेर लोटला जाई. अमेरिकेत निघालेल्या ऑर्गनमध्ये उलटी तऱ्हा. तेथे भाता वारा आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मऊ, गोल, थोडा आतल्या आत बोलल्यासारखा येतो. आपली पेटी या दुसऱ्या जातीची आहे. तिच्या खाली गुडघ्याजवळ ज्या लाकडी दांड्या आहेत, आणि ज्यांना मुले झोके देतात, त्या उगीच नाहीत. गुडघ्याने दांडी बाजूला सारली की आतली झडप उघडते आणि आवाज चढतो. हात पट्ट्यांवर, पाय पायडलांवर आणि गुडघे दांड्यांवर! एका वेळी चार कामे करणे आपल्याला काही नवे नाही म्हणा.

फ्रान्सच्या पेटीत आणखी एक खुबी होती. साधारणपणे पायाने भरलेला वारा आधी आतल्या मोठ्या भात्यात साठतो आणि तेथून सुरांना मिळतो, म्हणजे पाय थोडा चुकला तरी आवाज हलत नाही. पण एक खुंटी ओढली की हे मधले कोठार बंद होते आणि पाय व सूर यांची थेट गाठ पडते. पाय जोरात तर सूर मोठा, पाय हळू तर सूर हळू. पाय कापला तर सूरही कापला. महिन्याचा किराणा भरून ठेवलेल्या घरात आणि रोज आणून रोज शिजवणाऱ्या घरात जो फरक, तोच येथे. ती खुंटी ओढून जो नीट वाजवील, तो खरा वादक, असे तिकडे मानीत.

आपल्याकडे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारायची लहान पेटी केली आणि ती देशभर पसरली. जमिनीवर बसून गाणाऱ्या माणसांना ती सोयीची होती. बैठकीत, भजनात, शेगावच्या वाटेवरच्या दिंड्यांत, सगळीकडे तीच दिसते. पण एक हात भात्याला गुंतल्यामुळे वाजवायला एकच हात उरला. पायपेटीत दोन्ही हात मोकळे राहतात, आणि म्हणूनच मराठी रंगभूमीने ती सोडली नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे १९११ साली ‘मानापमान’ आले; त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे तर पेटीवादनातलेच मोठे नाव. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ असे. लोक बालगंधर्वांचे पद ऐकायला जात, हे खरेच. पण ते पद ज्या जमिनीवर उभे राहत असे, ती जमीन ऑर्गनवाला पायांनी घालीत असे. सारंगीच्या गजाला टोक असते, तबल्याचा बोल उठतो आणि विरतो. ऑर्गनचा सूर मात्र पाय चालतो तोवर चालतो. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत षड्ज न्यायचा, आणि तरी गाणाऱ्याच्या गळ्यावर चढायचे नाही, ही कसरत पायाच्या बेताने होत असे.

माझी आजी सांगत असे, वऱ्हाडात नाटक मंडळी आली की बायका बैलगाडीने येत आणि पडदा उघडण्यापूर्वी ऑर्गनचा सूर लागला की तंबूतली पोरेसुद्धा रडायची थांबत. आजीच्या गोष्टीत थोडे मीठमसाला असणारच. पण नांदीपूर्वीचा तो भरलेला सूर ज्यांनी ऐकला, त्यांना तो विसरता येत नाही, एवढे मी मोठ्या माणसांकडून वारंवार ऐकले आहे.

आता थोडे परदेशी जाऊ या, कारण पायाच्या कामाची गंमत ज्या वाद्यात सर्वांत खुलली, ते वाद्य पियानो. सिनेमात तो आपण सर्वांनी पाहिला आहे. १९४९ च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोपुढे बसतात, ते दृश्य जुन्या मंडळींना आठवत असेल. सिनेमात कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर असतो, मग बोटांवर येतो, मग जिन्यावर उभ्या असलेल्या नायिकेवर जातो. पायाकडे कधी वळत नाही! आणि पडद्यामागे तो पियानो प्रत्यक्ष वाजवणारे कोण, हेही प्रेक्षकांना ठाऊक नसे. लुसिला पाशेको नावाच्या बाई मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवीत. पुरुषांच्या त्या गर्दीत एक बाई पियानोवर बसत होती, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या पुस्तिकेत छापली जावी म्हणून मी मुद्दाम सांगते.

पियानोला भाता नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले. पट्टी दाबली की आत लोकर लावलेली हातोडी तारेवर बसते. म्हणजे तारेचे वाद्य, पण वाजते आघाताने. संतुराचा दूरचा भाऊ म्हणा. मोठ्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. तर मग पाय कशाला?

घरी गेल्यावर एक करून पाहा. पितळेचे ताट टांगते धरा आणि त्यावर चमचा मारा. नाद उठेल. लगेच तळहात टेकवा, नाद गप्प. पियानोत बहुतेक तारांवर असा एक मऊ तळहात टेकलेला असतो. पट्टी दाबली की तो उचलतो, पट्टी सोडली की परत टेकतो आणि सूर थांबतो. उजव्या पायाखालचे पायडल दाबले की हे सगळे तळहात एकदम उचलले जातात. मग बोट काढले तरी सूर वाजत राहतो. एवढेच नव्हे तर ज्या तारांना कोणी हात लावलेला नाही, त्याही शेजारणीच्या सुराने गुणगुणू लागतात. सतारीच्या तरफा जशा आपोआप बोलतात, तसेच हे. साऱ्या पियानोला जणू अंगभर जाग येते.

येथेच खरी मेख आहे. पाय तसाच दाबून ठेवला तर आधीचा सूर, मधला सूर आणि आत्ताचा सूर एकमेकांत मिसळतात. नवे लाल लुगडे पांढऱ्या कपड्यांत भिजत घातले की जे होते, ते होते. आणि पाय दाबलाच नाही, तर सूर सुटे सुटे पडतात, वाटाणे सांडल्यासारखे. म्हणून पाय सारखा उचलायचा आणि सारखा दाबायचा. तोही ठेक्याबरोबर नव्हे! नवा सूर लागतो त्याच क्षणी पाय उचलायचा, म्हणजे जुना पुसला जातो. आणि बोट पट्टीवर असतानाच पाय पुन्हा खाली न्यायचा, म्हणजे नवा धरला जातो. बोट आणि पाय यांच्यात हा केसभर अंतराचा खेळ आहे. जमला तर दोन सुरांमध्ये फट दिसत नाही आणि चिखलही होत नाही. पोळी तव्यावर टाकून दुसरी लाटताना पहिली नेमकी कधी उलटायची, हे जसे घड्याळाकडे पाहून कळत नाही, तसेच हे. शिवाय पायडल पूर्ण दाबायचे की अर्धे, की नुसते निसटते टेकवायचे, हे खोलीच्या आकारावर आणि गर्दीवर ठरते. भरलेल्या दिवाणखान्यात नाद लवकर मुरतो, रिकाम्या दगडी सभागृहात घुमतो. लोणारच्या जुन्या देवळात कोणी गुणगुणले तरी कसे घुमते, तसे. वादकाचा पाय त्याच्या कानाच्या ताब्यात असावा लागतो.

डाव्या पायाखाली आणखी एक पायडल असते. मोठ्या आडव्या पियानोत ते दाबले की आतला सारा सांगाडा किंचित बाजूला सरकतो. जेथे एका सुराला तीन तारा असतात, तेथे हातोडी दोहोंवरच बसते आणि आवाज पडद्याआडून आल्यासारखा होतो. कित्येक पियानोंत मधले तिसरेही असते, पण त्याच्या खोलात आज शिरायला नको, चहा निवेल.

बेथोव्हेन यांनी १८०१ साली रचलेली, ‘चांदण्याची’ म्हणून लोकांनी नाव दिलेली एक रचना आहे. तिचा पहिला भाग सबंध, तारांवरचे ते तळहात उचलून वाजवावा, अशी सूचना त्यांनी स्वतः लिहून ठेवली. त्या वेळच्या पियानोचा सूर लवकर विरत असे, म्हणून ते शोभे. आजच्या भरदार पियानोवर ती सूचना शब्दशः पाळली तर गिलावा होतो. म्हणून आजचा प्रत्येक मोठा वादक तेथे आपल्या पायाने निराळा तोडगा काढतो. तीच रचना मोबाइलवर तीन वादकांची लागोपाठ ऐका. बोटे तेच सूर वाजवतात, तरी तीन चांदणी निराळी पडतात.

आता वेगाविषयी थोडे, कारण टाळ्या नेहमी वेगाला मिळतात. हंगेरीचे फ्रांत्स लिस्ट यांनी १८४० च्या सुमारास, एकट्या माणसाने सबंध मैफल पियानोवर करायची, ही प्रथा रूढ केली. त्यांची बोटे पाहून लोक वेडे होत. हा वेग काही खोटा नव्हे; त्याला तपश्चर्या लागते आणि मी त्याला हसणार नाही. पण त्याच काळातल्या एका बाईविषयी मला अधिक आदर आहे. क्लारा शुमान. १८२८ साली, वयाच्या नवव्या वर्षी, लाइपझिगच्या सभागृहात ती प्रथम वाजवायला बसली. वडिलांचा विरोध पत्करून, कोर्टाची पायरी चढून, १८४० साली तिने लग्न केले. आठ मुले झाली. १८५६ साली नवरा गेला आणि पुढे घर तिने मैफलींवर चालवले. १८९१ पर्यंत ती लोकांपुढे वाजवीत होती. बाळंतपणे, आजारपणे, प्रवास, आणि त्यातून रोजचा रियाज! आपल्याकडे माझ्या वेळी मुलीला पेटी शिकवीत, ती ‘मुलीला थोडे गाणे-वाजवणे येते’ एवढे सांगता यावे म्हणून. लग्न ठरले की पेटी माळ्यावर. येथे बसलेल्या किती जणींच्या पेट्या माळ्यावर गेल्या, हात वर करा म्हटले तर मला मोजता यायचे नाहीत.

आपल्या पेटीवरही एकदा माळ्यावर जायची पाळी आली होती. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले. तिच्यात मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही आणि तिचे सूर कायमचे बांधलेले, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. तीस वर्षांनी, १९७१ साली, ते दार थोडे किलकिले झाले. पण त्या मधल्या काळात वादकांनी काय केले? आक्षेपाला वाजवून उत्तर दिले. आपल्या शेजारच्या जालना भागातले अप्पा जळगावकर, ज्यांनी भीमसेन जोशींना वर्षानुवर्षे साथ केली, किंवा गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, यांची पेटी ऐका. मींड नाही, तरी मींडेचा भास होतो. कारण एक सूर सुटण्याआधी दुसरा हळूच धरलेला असतो आणि भात्यावरचा हात त्या जागी वारा किंचित आवरून घेतो. तेच ते पियानोवाल्याच्या पायाचे काम, येथे डावा हात करतो. गवई तान घेतो तेव्हा पेटी अंग चोरते. गवई श्वास घेतो तेव्हा पेटी पुढे होऊन ती जागा भरते. त्याच्या श्वासाने हिचा श्वास चालतो. नुसती बोटे पाहणाऱ्याला यातले अर्धेही समजत नाही.

म्हणून भगिनींनो, ऐकताना एवढे करा. सूर कसा लागला, याकडे सगळेच लक्ष देतात. तुम्ही तो कसा संपला, तिकडे कान द्या. तुटला, विरला, की दुसऱ्याच्या हाती देऊन गेला? त्यावरून वादक ओळखावा.

आता ठरावाविषयी. विजेच्या कीबोर्डला माझा विरोध नाही. प्रार्थनेला, मुलांच्या गॅदरिंगला तो सोयीचा आहे, वजनाला हलका आहे आणि त्यात शंभर आवाज निघतात. पण त्यात श्वास भरावा लागत नाही. पाय चुकला म्हणून तो सुकत नाही, आणि पाय सुधारला म्हणून खुलतही नाही. ज्या मुलीला साथ शिकायची आहे, तिला वारा म्हणजे काय, हे कधीतरी स्वतःच्या पायाने कळले पाहिजे. आपल्या पेटीचे दुखणे मी दोन जाणत्या माणसांना दाखवले. लाकूड शाबूत आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्याने भात्याचे चामडे तडकले आहे आणि पायडलाचे पट्टे झिजले आहेत. सूर सगळे जागेवर आहेत. दोन मुके आहेत, ते धुळीमुळे. चामडे बदलता येते. पट्टे तर आपला शिवणवर्गच शिवील! खर्च कीबोर्डपेक्षा कमी येईल, आणि ठरावाच्या विरुद्ध मत देणाऱ्यांनी तो आपसांत उचलावा, मंडळावर पडू नये, अशी माझी सूचना आहे. माझा वाटा मी आज खजिनदारीणबाईंकडे दिला आहे. ठराव मंजूर झाला तर तो परत मागणार नाही; कीबोर्डच्या झाकणाला लावावा.

तूर्त चामड्याच्या चिरांवर मी कापड चिकटवून ठेवले आहे. पाच-दहा मिनिटे ते तग धरील. आपल्या शिवणवर्गातली नववीतली मुलगी, जी गेले तीन महिने संध्याकाळी माझ्याकडे येते, ती आता एक जुनी नांदीची चाल वाजवील. बोल नाहीत, नुसते सूर. समोर बसलेल्या बायांनी कृपा करून थोडे बाजूला सरकावे, म्हणजे मागच्यांना तिचे पाय दिसतील. ती चप्पल काढून बसेल, कारण अनवाणी पायाला पायडल कळते.

आणि दारापाशी बसलेल्या माई, तेवढे पंखे बंद करा. उकडेल जरा, पण सूर संपताना ऐकू आला पाहिजे.